जाहिरातीत झालेला गोल

"हात वर, वेंडेल! वर करा, वर!" कानातल्या इअरफोनमधला आवाज करवादला.

वेंडेल क्राउसेने उजवा हात डोक्यावर नेला. हातात कोपरापर्यंतचा नारिंगी हातमोजा होता. मैदानाच्या मधोमध धावणाऱ्या आंतेने, म्हणजे पंचाने, डोळ्याच्या कोपऱ्यातून तो नारिंगी रंग टिपला, एक शिवी गिळली आणि शेजारून चाललेल्या बफेलो संघाच्या खेळाडूला म्हणाला, "आडवा हो."

"का? मला काय झालंय?"

"घोटा मुरगळलाय तुझा. हो आडवा. मिनिटभरात बरा होशील."

खेळाडू कुरकुरत गवतावर आडवा झाला आणि आकाशाकडे बघत पडून राहिला. शिट्टी वाजली. पन्नास हजारांच्या त्या अवाढव्य स्टेडियममध्ये इकडेतिकडे विखुरलेल्या दोन-तीन हजार माणसांनी हुर्यो उडवली. ती आंतेसाठी नव्हती, आडव्या पडलेल्यासाठीही नव्हती. आता सगळ्यांना ठाऊक झालं होतं की हा सारा खेळखंडोबा कडेला उभ्या असलेल्या नारिंगी मोजेवाल्यामुळे होतो. त्याच वेळी सेंट लुईसमधल्या घराघरांत, ज्या थोड्या घरांत हा सामना लावलेला होता तिथे, एक हसतमुख माणूस गवत कापायचं यंत्र ढकलत पडद्यावर आला असणार.

वेंडेल हात वर धरून उभा राहिला. हेच त्याचं काम होतं. आठवडाभर तो बुटांच्या कारखान्याच्या गोदामात खोकी मोजायचा आणि सुटीच्या दिवशी टेलिव्हिजनवाल्यांसाठी मैदानाच्या कडेला उभा राहायचा. जाहिरात सुरू झाली की हात वर, संपली की खाली. हात वर असेतो खेळ सुरू करायचा नाही, हे पंचाला माहीत असायचं. वीसेक वर्षं त्याने हे काम फुटबॉलला केलं होतं. फुटबॉल म्हणजे इथला, चेंडू काखोटीला मारून एकमेकांच्या अंगावर जायचा. तो खेळ मुळातच थांबत थांबत चालायचा. चार पावलं पुढे जायचे, ढिगारा करून पडायचे, उठायचे, घोळका करून कुजबुजायचे. तिथे जाहिरात घुसवणं म्हणजे वाहत्या बोलण्यात 'हं' म्हणण्याइतकं सोपं. कुणी वेंडेलकडे बघायचंसुद्धा नाही.

त्या सगळ्या वर्षांत तो एकदाही पडद्यावर दिसला नव्हता. त्याची बायको इर्मा दर सामन्याला टीव्हीसमोर बसायची. खेळ तिला ओ की ठो कळायचा नाही, नवरा दिसेल म्हणून बसायची. पण वेंडेल रेषेच्या आत पाऊल टाकायचा त्याच क्षणी चित्र जायचं आणि साबण यायचा, मोटारी यायच्या. "आज तुझी टोपी दिसली बहुतेक," असं ती कधी कधी म्हणायची. ती जाऊन दोन हिवाळे झाले होते. आता घरी टीव्ही चालू असायचा तो आवाजासाठी.

या उन्हाळ्यात स्थानिक वाहिनीने सॉकरचे सामने दाखवायचं ठरवलं. सगळं जग ज्याला फुटबॉल म्हणतं तो हा खेळ. शहरातल्या रिव्हरमेन संघाचे घरचे सामने दर रविवारी दुपारी. वाहिनीची गाडी स्टेडियममागे उभी राहायची. तिच्यात बसून सगळी सूत्रं हलवायचा डेल पिंकस. तिशीतला, टक्कल पडू लागलेला, पोटात सतत जळजळ होणारा तरुण. पहिल्याच रविवारी त्याने वेंडेलला गाडीत बोलावलं होतं.

"हा खेळ थांबतच नाही हो," डेल म्हणाला. "पाऊण तास नुसते धावतात. मी जाहिरात टाकू कुठे? आणि लोकांनी बिअर आणायला उठायचं कधी? फुटबॉलमध्ये माणूस फ्रिजपर्यंत जाऊन येतो, सँडविच करतो, बायकोशी भांडतो, तरी त्याचं काही चुकत नाही. इथे तो उठला आणि तेवढ्यात गोल झाला तर? आणि नाही उठला तर गोल होतच नाही!"

"बॉलपण दिसत नाही," कॅमेरावाल्यांपैकी एक म्हणाला. "माझ्या मेव्हण्याकडे लहान टीव्ही आहे. म्हणतो, पिसवा नाचताना दिसतात."

"आकडे नाहीत," डेल बोटं मोजत म्हणाला. "आपल्या माणसाला आकडे लागतात. किती यार्ड, किती टक्के. इथे शून्य-शून्य. दोन तास बसून शून्य-शून्य बघायला कुणाला वेळ आहे?"

शेवटी असं ठरलं की ठरावीक वेळाने वेंडेल हात वर करील आणि आंते कसंही करून खेळ थांबवील. आंते मूळचा युगोस्लाव्हियातला, पेशाने फरश्या बसवणारा. तो म्हणाला, "माझ्या गावी हे केलं असतं ना वेंडेल, तर मला नदीत टाकलं असतं." पण ठरलं ते ठरलं. टेलिव्हिजनशिवाय संघ जगणार नव्हता, हे त्यालाही कळत होतं.

पहिले दोन रविवार वेंडेलला हा खेळ अगदीच अळणी वाटला. तिसऱ्या रविवारी काहीतरी झालं. काय, ते त्याला सांगता आलं नसतं. चेंडू एका पायाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे, परत मागे, मग एकदम रिकाम्या जागेत, आणि त्या जागेत कुणीतरी आधीच धावत निघालेलं. त्याच्या लक्षात आलं, आपण मघापासून दुसरं काहीच मनात आणलेलं नाही. घर नाही, स्वयंपाकघरातली रिकामी खुर्ची नाही, काही नाही. इर्मा गेल्यापासून एवढा वेळ सलग त्याला असं कधी लाभलं नव्हतं. आणि तेवढ्यात कानात आवाज आला, "हात वर!" आणि ते त्याने स्वतःच्या हाताने मोडलं.

त्यानंतर दर रविवारी हात वर करताना त्याला कानकोंडं व्हायला लागलं.

रिव्हरमेनमध्ये ली सुआरेस नावाचा एक आघाडीचा खेळाडू होता. कागदोपत्री आवेलिनो, सगळे ली म्हणायचे. आठवडाभर शाळेची बस चालवायचा. शहराच्या कॅरोंडेलेट भागातल्या स्पॅनिश वस्तीत वाढलेला, तिशी उलटलेला, जिभेने तिखट. येता-जाता वेंडेलची टिंगल करायचा.

"काय मोजेवाले, आज कुणाला आजारी पाडताय?"

त्या रविवारी मात्र सामना सुरू होण्याआधी तो रेषेपाशी आला आणि बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने खाली बसला.

"एक सांगू? आज म्हातारा बघतोय."

"कोण म्हातारा?"

"माझा बाप. जस्ताच्या भट्टीवर जन्म गेला, फुप्फुसं पार गेलीत. घराबाहेर पडवत नाही. इतके दिवस त्याच्या टीव्हीवर ही वाहिनी धड लागत नव्हती. काल मी छपरावर चढून अँटेना फिरवून आलो. तर आज माझ्या पायात बॉल असला ना, तेव्हा तेवढं ते गवत कापायचं यंत्र आणू नका."

"ते माझ्या हातात नाही, ली."

लीने त्याच्या नारिंगी मोज्याकडे पाहिलं. "तुमच्याच तर हातात आहे," म्हणाला आणि धावत आत गेला.

पहिल्या अर्ध्यात दोनदा हात वर झाला, दुसऱ्या अर्ध्यात एकदा. तिन्ही वेळा ली नेमका चेंडूपासून लांब होता. वेंडेलला हायसं वाटलं. गोल काही होत नव्हता. ऊन तापलं होतं. शेवटची पंधराएक मिनिटं उरली असताना कानात डेल बोलला.

"वेंडेल, एक जाहिरात राहिलीय. ती गेली नाही तर गवतवाला आपल्याला कापेल. आता जाऊ या. कॅमेरे मोकळे. करा हात वर, मी जाहिरात सोडलीय."

याच क्षणी मैदानाच्या मध्यावर बफेलोच्या खेळाडूचा पाय चेंडूवरून घसरला आणि चेंडू लीकडे आला.

वेंडेलचा हात छातीपर्यंत आला होता. आंते त्याच्याकडेच बघत होता. शिट्टी ओठांत धरलेली, गाल फुगवलेले. वेंडेलने लीकडे पाहिलं. मग हात खाली घेतला आणि दुसऱ्या हाताने तो पाठीमागे धरून ठेवला, जसं आपण एखाद्या धडपड्या पोराला धरतो तसं. आंतेच्या ओठांतली शिट्टी गळून छातीवर लोंबकळली.

ली पळत सुटला होता.

तो वेंडेलच्या इतक्या जवळून गेला की त्याचा श्वास ऐकू आला. एकाला त्याने नुसता खांदा वळवून चकवलं. दुसरा आडवा आला, त्याच्या दोन पायांमधून चेंडू पुढे गेला आणि ली बाजूने. तिसरा मोठा हुशार. त्याने लीची उजवी बाजू बंद केली, कारण ली उजव्या पायाने मारतो हे सगळ्या लीगला पाठ होतं. गोलकीपरही त्याच बाजूला सरकला. ली एक पाऊल उजवीकडे गेला, थबकला, चेंडू तळव्याने मागे ओढला, आणि डाव्या पायाने मारला. चेंडू फार जोरात गेला नाही. जमिनीलगत, जरासा वळत, लांबच्या खांबाला आतून लागून जाळ्यात शिरला.

दोन-तीन हजार माणसं एकदम उठली. आवाज मोठा नव्हता, पण होता.

"कसला आरडाओरडा?" कानात डेल म्हणाला.

"गोल झाला."

"कधी?"

"आत्ता."

मग डेल अगदी लहान मुलासारखा म्हणाला, "पण आपण गवत कापतोय."

वेंडेलने मागे वळून पाहिलं. जाहिरात म्हटली की खेळ थांबणार, याची सगळ्यांना इतकी सवय झाली होती की एक कॅमेरावाला कॅमेरा खाली झुकवून पाणी पीत होता आणि दुसरा चौथऱ्यावर उभा राहून पाठ ताणत होता. दोघांनीही काही टिपलं नव्हतं. पुन्हा दाखवायला फीत नव्हती. जाहिरात संपून चित्र परत आलं तेव्हा ली मध्यावर परतला होता, पाटीवर एक-शून्य लागलं होतं, आणि समालोचकाला घसा खाकरून सांगावं लागलं की आपण जरा बाहेर गेलो होतो तेवढ्यात ली सुआरेसने गोल केला आहे. वेंडेलला तेव्हा कुठे कळलं आपण काय केलं ते. हात वर केला असता तर गोल झाला नसता. केला नाही, म्हणून झाला, आणि कुणाला दिसला नाही.

सामना तसाच संपला. वेंडेल मोजा काढून वाहिनीच्या गाडीपाशी गेला. डेल पायरीवर बसून पोटाची गोळी चघळत होता.

"हात वर केला नाहीत तुम्ही."

"नाही."

"का?"

वेंडेलने विचार करून पाहिलं. "चालला होता," तो म्हणाला.

"कोण?"

"ली. बॉल घेऊन चालला होता."

डेलने मान हलवली. रागावण्याइतकं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. "ऐका. इथे गोल चुकवला, तर वाहिनीच्या टेलिफोन बोर्डावर एकदम सगळे दिवे लागायला हवेत. फुटबॉलमध्ये हे झालं असतं तर लोकांनी खिडक्या फोडल्या असत्या. आज किती फोन आले असतील?"

"किती?"

"एक. अख्ख्या शहरातून एक. कुणी म्हातारा. फोन घेणारी बाई म्हणाली, ओरडलाबिरडला नाही. नुसतं विचारत होता, माझ्या मुलाने गोल कसा मारला. आता तिला काय माहीत? तिने सांगितलं, मारला म्हणून. तर म्हणाला, ते कळलं हो, पण कसा?"

वेंडेलने हातातल्या नारिंगी मोज्याची घडी घातली.

"पुढच्या रविवारपासून बंद आहे हे," डेल म्हणाला. "तुमच्यामुळे नाही, आधीच ठरलं होतं. या वेळेला मासेमारीचा कार्यक्रम लावणार आहेत."

"मासेमारीत तरी काय घडतं?"

"काही नाही घडत. पण मध्ये थांबता येतं."

संघाची बस निघायच्या तयारीत होती. रिव्हरमेनना संध्याकाळच्या विमानाने पुढच्या सामन्याला जायचं होतं. ली ओल्या केसांनी, पिशवी खांद्याला लावून पायरी चढत होता.

"तुझ्या वडिलांनी वाहिनीला फोन केला होता," वेंडेल म्हणाला. "गोल दिसला नाही त्यांना. कुणालाच दिसला नाही."

लीचा चेहरा उतरला. "जाहिरात?"

"हो."

"आणि तुम्ही हात—"

"नाही केला वर."

लीने त्याच्याकडे पाहिलं. थट्टा करावी असं काही त्याला सुचलं नाही. "विमानतळावरून फोन करीन त्यांना," तो म्हणाला. "पण सांगू काय? मला धड आठवत पण नाही. गेला, एवढंच सांगीन." बसवाल्याने भोंगा वाजवला.

"घर कुठे तुमचं?" वेंडेलने विचारलं.

कॅरोंडेलेटमध्ये, बंद पडलेल्या भट्टीमागच्या रस्त्यावर ते घर होतं. लाल विटांचं, बुटकं. वेंडेल दारात बराच वेळ टोपी हातात घेऊन उभा राहिला. लोकांच्या घरी जायची त्याची सवय सुटली होती. शेवटी जाळीचं दार वाजवलं. आत ऑक्सिजनची नळी नाकाला लावलेला एक काटकुळा म्हातारा आरामखुर्चीत बसला होता. सेलेस्तिनो सुआरेस.

"मी स्टेडियममधून आलोय," वेंडेल म्हणाला. "कडेला असतो मी. तुम्ही फोन केला होता."

"तक्रार नव्हती हो ती," म्हातारा घाईने म्हणाला. "मी आपलं सहज विचारलं. तुम्हाला उगाच त्रास."

"मी पाहिला गोल. सांगायला आलोय."

म्हाताऱ्याने टीव्ही बंद केला. हाताने खुर्ची दाखवली. वेंडेल बसला, आणि त्याच्या लक्षात आलं की गेल्या कित्येक महिन्यांत त्याने कुणाला सलग काही सांगितलेलंच नाही. शब्द गोदामातल्या खोक्यांसारखे एकेक करून काढावे लागले. बफेलोवाल्याचा पाय घसरला तिथपासून त्याने सुरुवात केली. खांदा वळवला तो. पायांमधून चेंडू काढला तो. म्हातारा डोळे मिटून ऐकत होता, मधेच "हळू, हळू," म्हणत होता. धाप त्याला लागत होती, पण घाई वेंडेलचीच होत होती.

"मग तिसऱ्याने उजवी बाजू अडवली. गोलकीपर पण तिकडेच. ली थांबला, बॉल मागे ओढला, आणि डाव्या पायाने मारला."

म्हाताऱ्याने डोळे उघडले.

"उजव्या."

"डाव्या."

"शक्य नाही. तो डाव्याने मारत नाही. मी मेलो सांगून सांगून. सहा वर्षांचा होता तेव्हापासून. भट्टीवरून आलो की मागच्या अंगणात घेऊन जायचो, उजव्या पायातला बूट काढून घ्यायचो. म्हणायचो, आता मार. रडायचा, पण डावा पाय उचलायचा नाही. आई म्हणायची, सोडा त्याला. शेवटी सोडलं. तुम्ही कुठे होतात उभे?"

"रेषेवर. इथून त्या दारापर्यंत, इतक्या अंतरावर. डाव्या पायानेच मारला, सेन्योर सुआरेस."

"जोरात?"

"नाही. जमिनीलगत. वळला जरासा. खांबाला आतून लागला."

"वळला?"

"हो."

म्हातारा हसायला लागला. हसता हसता खोकला लागला, खोकल्याने डोळ्यांत पाणी आलं, आणि खोकला थांबला तरी ते पाणी थांबलं नाही. त्याने ते पुसलंही नाही.

मग तो भिंत धरत धरत उठला, नळी सांभाळत स्वयंपाकघरात गेला आणि सॉसेज घातलेलं घेवड्याचं कालवण तापवायला ठेवलं. "जेवून जा," म्हणाला. विचारलं नाही. दोघे जेवले. मधे एकदा फोन वाजला, लीचा. म्हातारा स्पॅनिशमध्ये एवढंच बोलला, "माहीत आहे मला. सगळं माहीत आहे," आणि ठेवून दिला.

वेंडेल निघाला तेव्हा उन्हं कलली होती. समोरच्या व्हरांड्यात बायका बसल्या होत्या. त्याने गाडी सुरू केली, मागे घेतली, तेवढ्यात जाळीचं दार उघडलं. नळी पुरेल तेवढा पुढे येऊन म्हातारा उंबऱ्यात उभा होता. त्याच्यात ओरडायचं बळ नव्हतं. त्याने नुसता स्वतःचा एक पाय थोडा उचलला आणि भुवया उंचावल्या.

वेंडेलने काच खाली केली. सारा जन्म मैदानाच्या कडेला मुकाट उभा राहिलेला माणूस भर रस्त्यात ओरडला, "डावा!"

समोरच्या बायका दचकल्या. म्हाताऱ्याने मान डोलावली आणि दार ओढून घेतलं.

ब्रॉडवेवर पहिल्याच चौकात लाल दिवा लागला. वेंडेल थांबला. शेजारची सीट रिकामी होती. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, घसा साफ केला आणि म्हणाला, "अगं, आज काय झालं..." बफेलोवाल्याचा पाय घसरला तिथपासून तो सांगू लागला. दिवा हिरवा झाला. मागच्या गाडीने एकदा भोंगा वाजवला, मग दुसऱ्यांदा, लांबलचक. ली तेव्हा तिसऱ्यापाशी पोचला होता. वेंडेलने चेंडू जाळ्यात जाऊ दिला, आणि मग गाडी पुढे घेतली.